तिसऱ्या दमाला

मुंबईला थंडी पडते असं म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. हसू देत. पौषात चार-पाच दिवस का होईना, पण पडते. ती अंगाला कळत नाही, लोखंडाला कळते. पहाटे पाना हातात घेतला की तो चावतो. पस्तीस वर्षं मी रोज सकाळी आधी लोखंडाला हात लावला आणि मग चहाच्या कपाला, त्यामुळे या बाबतीत पुण्याचा सल्ला मी घेत नाही.

यंदाही ती आली. परवा पहाटे पाच वाजता पाय गार पडले म्हणून जाग आली. उठलो, खिडकी लावली, परत उघडली. पाणी प्यालो. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खाली शिवाजी पार्कच्या दिशेनं दोन म्हातारे कानटोप्या घालून तरातरा निघाले होते, जणू थंडी संपायच्या आत त्यांना तिथे पोचायचं होतं. दादरकडून मालगाडीच्या डिझेलचा आवाज आला, घशात अडकल्यासारखा, मग सुटला. मी आत आलो, परत बाहेर गेलो.

"आज कुठली ड्यूटी?" आतून बायकोनं विचारलं. पांघरुणातूनच.

"कुठली नाही. झोप तू."

"मग फेऱ्या कसल्या घालताय? थोरली आठवली असेल."

मी खिडकी परत लावली. तिला उत्तर लागत नाही. आमच्या लग्नाच्या आधीपासूनची गोष्ट आहे ही, आणि सुधानं ती दर थंडीत ऐकली आहे. निम्मीच ऐकली आहे, हे मात्र तिला ठाऊक नाही.

थोरली म्हणजे एक इंजिन. डिझेलचं, मालगाड्यांचे डबे इकडून तिकडे ढकलणारं. दुसऱ्या लढाईच्या वेळी बोटीतून अमेरिकेहून तीन इंजिनं आली, ती आमच्या यार्डाला मिळाली. यार्ड भायखळ्याच्या पुढे, गोदीच्या अंगाला. थोरली, मधली, धाकटी ही नावं कुणी ठेवली ठाऊक नाही. मी फिटर म्हणून लागलो तेव्हा ती होतीच. रंग मूळचा कुठला ते सांगता येत नव्हतं. पुढचं नाक चेपलेलं, एका बाजूचं दार तारेनं बांधलेलं, आणि चालू झाली की छताचा पत्रा असा थरथरायचा की त्यावर ठेवलेली पक्कड आपोआप कडेला चालत जायची. आजूबाजूला वाफेची मोठी इंजिनं होती, रुबाबदार, फुसफुसणारी. त्यांच्यापुढे ही बुटकी. पण वाफेच्या इंजिनाला पहाटे तीन-चार तास आधी विस्तव घालावा लागे, आणि हिला नुसतं बटण. म्हणजे, कागदावर नुसतं बटण.

प्रत्यक्षात ती पहिल्या बटणाला कधीच चालू झाली नाही. विशेषतः थंडीत. तिचे ड्रायव्हर विश्राम परब. मालवणकडचे, राहायला लालबागला, सगळं यार्ड त्यांना तात्या म्हणे. माझ्या नोकरीतल्या पहिल्या हिवाळ्यात मी बटण दाबलं, ती खोकली आणि गप्प झाली. मी लगेच परत दाबलं. तात्यांनी माझा हात धरला.

"घाय करू नको रे मेस्त्री. म्हाताऱ्या माणसाक उठूक येळ लागता. पयल्यांदा ती खोकतली. दुसऱ्यांदा रुसतली. मगे तमाखू मळायची. तिसऱ्या दमाक येतली."

त्यांनी खरोखरच तंबाखू मळली. चुना लावला, अंगठ्यानं चोळली, दोन टाळ्या दिल्या, गालात ठेवली. मग बटण दाबलं. थोरली एकदा आतून हलली आणि चालू झाली. काळा धूर सरळ वर गेला. तंबाखूचा आणि इंजिनाचा काही संबंध नव्हता. मधे तेवढा वेळ जाऊ दिला की बॅटरी जरा सावरते, इतकंच शास्त्र. पण ते मला पुढे कळलं. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, गिरगावात फणसवाडीतल्या चाळीत राहत होतो, आणि शास्त्रापेक्षा तात्यांवर माझा विश्वास जास्त बसला.

ते दिवसच मुळी स्वस्थ बसायचे नव्हते. गिरगावात भिंत म्हणून कोरी राहिली नव्हती. गेरूनं, डांबरानं, मिळेल त्यानं लिहिलेलं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. चाळीच्या जिन्यात प्रभातफेरीची तयारी, शिवाजी पार्कला सभा, सभेहून आलेल्या माणसांचे बसलेले घसे, आणि मधूनमधून संचारबंदी. आमच्या खोलीत आई म्हणायची, तू बाहेर जाऊ नकोस, आणि स्वतः गॅलरीत वाकून मोर्चा दिसेनासा होईपर्यंत बघत राहायची. सगळं शहर उभं होतं. बसलेला माणूस दिसला की त्याला काही झालंय का असं वाटायचं.

आमच्या यार्डाची तऱ्हा वेगळी होती. आम्हाला भिंती नव्हत्या, वाघिणी होत्या. मालाच्या प्रत्येक डब्यावर कुठं जाणार ते खडूनं लिहितात. त्याच खडूनं, त्याच्याच खाली, आम्ही घोषणा लिहायचो. डबा मद्रासला जाणार असो नाहीतर कलकत्त्याला, मुंबईचं म्हणणं घेऊन जायचा. साहेबांनी पुसायला लावलं की पुसायचो आणि पलीकडच्या बाजूला लिहायचो. एकदा एक वाघीण तीन महिन्यांनी परत आली, तर आमच्या अक्षराखाली कुणीतरी दोन ओळी लिहिल्या होत्या, आमच्यापैकी कुणालाच न येणाऱ्या लिपीत. शिवी आहे की शाबासकी यावर पैज लागली. अजून कळलेलं नाही.

संचारबंदीच्या दिवसांत यार्ड बंद असे. तरी तात्या येत. लालबागहून चालत, खिशात पास घेऊन, पोलीस दिसला की तो आधीच वर धरून. कारण काय, तर दोन दिवस चालू केली नाही तर थोरलीची बॅटरी बसेल. मीही जायचो, का ते मलाही सांगता येत नसे. कुठेही आवाज नसायचा. क्रेन उभ्या, रूळ मोकळे, गोदीवरून समुद्राचा खारट वास. त्या सगळ्या शांततेत ती एकटी दहा मिनिटं चालायची. मग तात्या ती बंद करत, तिच्या नाकावर एक चापट मारत आणि चालत परत जात.

एका कागदाच्या पुडीत ते घरून हळद आणायचे. थोरलीचा रेडिएटर गळत होता. पाण्यात हळद टाकली की ती बारीक भोकात जाऊन बसते, आठवडाभर गळती थांबते. डिझेलची टाकी पाझरायची, तिथे कपड्याचा साबण ओला करून दाबायचा. हे आमचे रोजचे उद्योग. तात्यांच्या घरी एकदा जेवायला गेलो होतो, तेव्हा काकींनी आमटी वाढताना मला ऐकवलं होतं, "आमटी पिवळी नाय म्हणान इचारू नको हां. माझ्या डब्यातली हळद सवतीक जाता."

तात्या खाली बघून भात कालवत होते. कान लाल झाले होते.

आता ती गोष्ट, जी सुधाला ठाऊक नाही.

यार्डात प्रत्येक इंजिनाचं एक बुक असे. ड्यूटी संपली की ड्रायव्हरनं त्यात बिघाड लिहायचा, फिटरनं तो काढायचा, दोघांनी सह्या करायच्या. सरळ काम. पण थोरलीच्या बाबतीत ते सरळ राहिलं नव्हतं. तिचे सुटे भाग अमेरिकेहून यायचे, म्हणजे यायचेच नाहीत. मधलीच्या बुकात एकदा एका साध्या व्हॉल्व्हची तक्रार लिहिली गेली. भाग येईपर्यंत तिला बाजूच्या सायडिंगला उभी केली. उभ्या इंजिनाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. याला नळी हवी, काढ मधलीची. त्याला पंप हवा, काढ मधलीचा. तीन महिन्यांत आत काही उरलं नाही. व्हॉल्व्ह आला असता तरी बसवायला जागा नव्हती. पुढच्या वर्षी धाकटी तशीच गेली. दोघींची टरफलं त्याच सायडिंगला उभी होती, आणि तात्या थोरलीला तिथून नेताना उगाचच जरा वेगानं नेत.

तेव्हा आम्ही ठरवलं, थोरलीच्या बुकात काही लिहायचं नाही. ठरवलं असंही नाही. एके दिवशी तात्यांनी लिहायला पेन काढलं, माझ्याकडे बघितलं, मी टोपण पुढे केलं, त्यांनी ते लावलं. 'ओके' एवढंच लिहून सह्या केल्या. रेडिएटर गळतो, ओके. गरम झाली की चौथा सिलिंडर मरतो, ओके. जे दुरुस्त होण्यासारखं होतं ते मी गुपचूप करत होतो, जे नव्हतं ते तात्या सांभाळून घेत होते. आजाऱ्याला डॉक्टरपासून लपवून आपणच काढे पाजावे, तसा प्रकार.

मग ब्रेक सुरू झाला. लावला की लगेच लागायचा नाही. लावायचा, मनात एक-दोन मोजायचं, मग लागायचा. तात्यांना सवय होती, ते तेवढं आधी लावत. पण त्या दिवशी त्यांनी पेन काढलं आणि टोपण लावायला तयार होईनात.

"ह्यां मात्र लिवूक होयां," ते म्हणाले. "हळदीची गोष्ट येगळी. ब्रेक हा तो. कोणतरी मरतलो."

मी म्हणालो, "तात्या, ब्रेक लिहिला तर उद्या सायडिंगला जाईल. आणि चालवणारे तुम्हीच तर आहात. दुसरं कोण हात लावतं तिला?"

हे मी म्हणालो. वाक्य शब्दासकट आठवतं. कुठे उभा होतो तेही आठवतं, तारेनं बांधलेल्या दाराशी, हातात तेल पुसायच्या वेस्टचा बोळा. तात्यांनी टोपण लावलं, परत काढलं. मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं, म्हणाले, "तूच लिव मगे," आणि निघून गेले. मी ओके लिहिलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली, माझ्याकडे न बघता.

दीड वर्ष आमचं बुक निष्कलंक होतं. नवी दोन डिझेल इंजिनं मधल्या काळात यार्डात आली होती, त्यांची बुकं मात्र भरलेली. त्यांचे ड्रायव्हर प्रामाणिक, शिंक आली तरी लिहिणारे. आम्ही त्यांना हसायचो.

राज्य व्हायच्या आदल्या हिवाळ्यात फोरमन विजयकर साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. विजयकर आमच्याच गिरगावचे, जुन्या घराण्यातले, पांढराशुभ्र शर्ट आणि तेलाचा डाग कधी नाही. टेबलावर तिन्ही डिझेलची बुकं उघडी होती.

"वऱ्हाडात एका जंक्शनला शंटिंगसाठी इंजिन हवंय," ते म्हणाले. "तिकडे पाण्याचे हाल आहेत, वाफेचं चालत नाही. डिझेलच पाठवा, आणि निरोगी पाठवा, असं वरून आलंय. मी बुकं बघितली. ही दोन नवी म्हणजे रोजचं दुखणं. तुमच्या थोरलीची दीड वर्षात एक तक्रार नाही. कमाल आहे तुमची. तीच जाईल."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. तात्यांनी हातातली टोपी उलटी केली, सुलटी केली.

"साहेब, ती म्हातारी हा," तात्या म्हणाले.

"बुक तसं म्हणत नाही." विजयकर हसले. त्यांना वाटलं, आमचा जीव जडलाय म्हणून कुरकुरतोय, आणि ते काही चुकीचं नव्हतं. "परब, परवा मोर्च्यात तुमचा घसा बसला ना? विदर्भासकट महाराष्ट्र पाहिजे म्हणालात ना? मग विदर्भाला एक इंजिन द्यायचं म्हटलं तर तोंडं का पडली? का नुसतं घ्यायचंच, द्यायचं काही नाही?"

मग त्यांनी माझ्याकडे वळून, सरळ, काही खोच न ठेवता विचारलं, "तुम्ही तिचे फिटर. काही सांगायचंय का तिच्याबद्दल?"

एक शब्द पुरे होता. ब्रेक. बाकीची हळद, साबण, सगळं गिळून नुसता तेवढा एक शब्द. पण तो म्हटला की पुढचा प्रश्न आलाच: मग लिहिलं का नाही? बुकावर तात्यांच्या सह्या होत्या, रोजच्या, दीड वर्षाच्या. त्यांची नोकरी दोन वर्षं उरली होती. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तात्यांसाठी गप्प बसतोय असं. बुकावर माझ्याही सह्या होत्या, हे मी स्वतःला सांगितलं नाही.

"नाही साहेब," मी म्हणालो.

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली. बाहेर आलो तर गोदीच्या रस्त्यावरून एक मोर्चा चालला होता. हजार माणसं एका सुरात ओरडत होती, आणि मी रुळात उभा. आदल्याच आठवड्यात मीही असाच ओरडलो होतो, दिल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. सहा फुटांवर बसलेल्या माणसाला एक शब्द सांगता आला नाही.

ती जायच्या सकाळी अशीच थंडी होती. आमच्यात एक रीत होती, आजही असेल. पाळी संपली आणि काम अर्धं राहिलं की पुढच्या फिटरसाठी इंजिनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवायचं. नट ढिला ठेवलाय, नळी बदलायची आहे, असं. ते साहेब वाचत नाहीत, कारण साहेब झाकण उघडत नाहीत. मी पेंटरकडून वाघिणीचे नंबर टाकायचा पांढरा रंग मागून घेतला. खडू तेलानं पुसला जातो. तारेचं दार उघडलं आणि आतल्या पत्र्यावर बारीक कुंचल्यानं लिहायला बसलो.

ब्रेक उशिरा लागतो, दोन मोजा. रेडिएटरला हळद. टाकीला साबण. गरम झाल्यावर चौथा सिलिंडर. थंडीत तिसऱ्या दमाला चालू होते, घाई करू नये.

तात्या मागे उभे होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "मोठ्या अक्षरात लिव. थंयचे लोक वाचतले कसे?" म्हणून ब्रेकची ओळ मी परत एकदा, वर, मोठ्या अक्षरात काढली. रंग सुकेपर्यंत दार उघडं धरून उभा राहिलो. मग तिला एका मालगाडीच्या शेपटीला जोडलं आणि नेलं. इंजिन बंद होतं. आपल्या पायांनी ती गेली नाही.

तेव्हापासून जे सुरू झालं ते थांबलेलं नाही. त्या हिवाळ्यात मी पेपर उघडला की आधी वऱ्हाडची बातमी शोधायचो. त्यांनी दार उघडलं असेल का? पहिल्या दिवशी उघडलं असेल का? तारेनं बांधलेलं दार कोण मुद्दाम उघडतं? राज्य झालं, गिरगावात घराघरांवर दिवे लागले, आईनं पुरण घातलं, चाळीनं चाळीला मिठाई वाटली. मी चाळीच्या गच्चीवर उभा राहून दिवे बघत होतो आणि एक-दोन मोजत होतो.

नऊ वर्षांनी मी वऱ्हाडात गेलो. तोवर मी चार्जमन झालो होतो, लग्न झालं होतं, विजयकर साहेब निवृत्त झाले होते. जुनी इंजिनं तपासून कुठलं मोडीत काढायचं त्याचा रिपोर्ट करायचा, अशी ड्यूटी आली. यादीत ते जंक्शन होतं. मी दुसऱ्या कुणाला जायला सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

पौषच होता. तिकडची थंडी खरी थंडी, पुण्याच्या लोकांनी मान्य करावी अशी. सकाळी यार्डात गेलो तर थोरली कापसाच्या गाठींच्या वाघिणींमागे उभी होती. कुणीतरी तिला हिरवा रंग दिला होता. चेपलेलं नाक तसंच. दार तारेनंच बांधलेलं, तार नवी.

तिथला फिटर वानखडे धावत आला. "लय गुणाची गाडी हाये साहेब. काहीच तकलीफ नाई. बुक पाहून घ्या."

मी बुक पाहिलं. नऊ वर्षांची बुकं मागवली. ओके. ओके. ओके. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. मी बुक खाली ठेवलं, तार सोडली आणि दार उघडलं.

माझी अक्षरं होती. पिवळी पडलेली, पण होती. त्यांच्याखाली दुसऱ्या हातानं लिहिलेलं: पंख्याचा पट्टा सैल, कातडं लावलं. त्याखाली तिसऱ्या हातानं: डावं चाक घासते, वळणावर हळू. मग आणखी. दार भरलं होतं, शेवटच्या ओळी कडेला उभ्या लिहिल्या होत्या. वानखडेची मान खाली गेली होती.

"हे केव्हा वाचलं तुम्ही?" मी विचारलं. "पहिल्यांदा?"

त्यानं मागे वळून एका माणसाला हाक मारली. गुलाबराव, थोरलीचा ड्रायव्हर. पन्नाशीचा, डोक्याला मफलर. हसला तेव्हा पुढचे दोन दात नव्हते.

"दुसऱ्या दिवशी," गुलाबराव म्हणाले. "पयल्या दिवशी कोनाले मालूम होतं? ब्रेक लावला, लागलाच नाई. डेड एंडचा बफर तोडला, रूळ सरते तिथचा. माह्यं तोंड आदळलं. मंग हे दार आपोआप उघडलं, तार तुटली न. दुसऱ्या दिवशी गाडी पाहाले आलो तवा दिसलं."

"मग साहेबांना दाखवलं नाही?"

"कसं दाखवता? साहेबानं बुक पाह्यलं. बुकात ब्रेक ओके. म्हने, गलती तुहीच. ठपका बसला मले." ते खांदे उडवून म्हणाले. "दार दाखवलं असतं त ठपका गेला असता. पन गाडी बी गेली असती न. अन आमी तं तिच्या आधी बैलं लावून डबे ओढत होतो."

मी बुकावर ओके लिहून टाकलेला ठपका या माणसानं नऊ वर्षं अंगावर वागवला होता. त्याला पुसून टाकता येत होता आणि त्यानं पुसला नव्हता. मी म्हणालो, ते अक्षर माझं आहे. ब्रेकचं. बुकातलं ओकेही माझंच आहे. एवढंच जमलं. हात जोडले की नाही ते आठवत नाही.

गुलाबरावांनी दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अक्षर मस्त हाये तुमचं," ते म्हणाले.

मग मी केबिनमध्ये चढलो. बटण दाबलं. ती खोकली. परत दाबलं. ती रुसली. वानखडे अस्वस्थ होऊन पुढे आला, काहीतरी सांगायला लागला. मी त्याला हातानं थांबवलं. मी तंबाखू खात नाही, पण हात आपोआप तसे झाले, अंगठा तळव्यावर फिरला. मग दाबलं.

दुपारी त्यांच्या ऑफिसात बसून मी रिपोर्ट लिहिला. दारावरची प्रत्येक ओळ उतरवली, वरून खाली, सगळ्यांच्या हातची. पहिला क्रमांक ब्रेक. बिघाड केव्हापासून या रकान्यात दहा वर्षं लिहिलं, आणि कोणाच्या लक्षात आला या रकान्यात माझं नाव. ते दोघं दारात उभे होते. लिहू नका असं कुणी म्हणालं नाही. सही करून मी बाहेर आलो तेव्हा गुलाबराव तिच्यापाशी गेले होते. त्या कागदानं ती मोडीत निघाली. माझ्या नावाचं काय झालं, तर काहीच नाही. इतका जुना बिघाड कुणाच्या खात्यावर टाकायचा हे वरच्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो रकाना कोरा आहे असं धरलं. गुलाबरावांचा ठपका काढा असं मी तीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

मुंबईला परतल्यावर सरळ लालबागला गेलो. तात्या गॅलरीत उन्हाला बसले होते, काकी तांदूळ निवडत होत्या. तात्यांना ऐकू कमी येत होतं. पंधरा वर्षं त्या पत्र्याखाली बसलेल्या माणसाला ऐकू येईल कुठून. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं सगळं सांगितलं, शेजारपाजारही ऐकत होता. बफर सांगितला. गुलाबरावांचे दात सांगितले, ठपका सांगितला. दार भरलंय ते सांगितलं. मोडीत काढण्याचा कागद मीच लिहिला, तेही सांगितलं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"चालू झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"पयल्या दमाक?"

"नाही तात्या. तिसऱ्या."

"मगे तीच ती," ते म्हणाले, आणि काकींना म्हणाले, "गो, तेका चाय दी."

मी चहा घेतला. ते ब्रेकबद्दल काही म्हणतील म्हणून कप संपल्यावरही बसून राहिलो. लिवूक होयां असं मी तुका सांगलं होतं, एवढं म्हणाले असते तरी मी मोकळा झालो असतो. त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. पुढे सात वर्षं ते होते, मी महिन्या-दोन महिन्यांनी जात होतो. ब्रेकचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. पहाटे पाय गार पडले की मला जाग येते ती त्या एका वाक्यासाठी.